वासाची वेळ

सौंदर्य आणि विष ही एकाच मुळावर पोसलेली जुळी भावंडं आहेत. ज्याला एकाला कडेवर घ्यायचं आहे त्याने दुसऱ्याची नखं सोसायला शिकलं पाहिजे. हे वाक्य मला सकाळी दाढी करताना सुचलं. निवृत्तीनंतर इतकं भारदस्त काही पहिल्यांदाच सुचत होतं, म्हणून विसरायच्या आत कुणाला तरी ऐकवावं या घाईत मी मान वळवली आणि हनुवटीला ब्लेड लागलं. रक्त किती येतंय ते बघायला आरशाला नाक लावलं, तर रक्त राहिलं बाजूला, मला माझा डावा डोळा दिसला. उजव्या डोळ्याची बाहुली नेहमीसारखी, टाचणीच्या डोक्याएवढी. डाव्याची मात्र शर्टाच्या बटणाएवढी झाली होती. मी आरसा पुसला. मग डोळा पुसला. मग पुन्हा आरसा पुसला, कारण दोघांपैकी आरशाचं बिघडलेलं असणं मला जास्त परवडणारं होतं. मी वजनमापं खात्यात निरीक्षक होतो. दोन पारडी समान आहेत की नाहीत एवढंच बघण्याचा पगार मी उभा जन्म घेतला, आणि आता माझ्याच तोंडावरची दोन पारडी खालीवर झाली होती. पहिला विचार आला तो मेंदूचा. मेंदूत कुठेतरी एखादी बारीक नळी फुटली असणार, आणि आता मी तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत कोसळणार, आणि लोक येऊन म्हणणार, माणूस सज्जन होता, पण दाढी अर्धीच राहिली हो. मी घाईघाईने उरलेली अर्धी उरकली. निदान तेवढा गाल तरी बरोबरीत असावा. आणि नळाखाली ब्लेड धरलं असताना, गार पाणी बोटांवरून ओघळत असताना, त्या बोटांनाच एकदम आठवलं की काल दुपारी ती कशाला लागली होती, आणि त्यानंतर मी डोळा कसा पुसला होता.

ते झाड आमच्या मागच्या अंगणात उभं होतं. होतं म्हणायची सवय मला अजून व्हायची आहे. ते काल दुपारपर्यंत होतं. त्याचं खरं नाव लांबलचक आणि परकं, ते आमच्या घरात कधी कुणाच्या जिभेवर बसलं नाही. धोतऱ्याचा थोरला चुलतभाऊ समजा. धोतऱ्याची फुलं तोंड वर करून उभी राहतात, याची खाली मान घालून लोंबतात, हातभर लांबीची, फिकट पिवळी, जशी काही एखाद्या वाद्यवृंदाने कार्यक्रम संपवून आपापले कर्णे खुंटीला अडकवलेत. म्हणून ती त्याला कर्णेवाला म्हणायची. ती म्हणजे बायको. दिवसभर कर्णेवाला मुका. ऊन उतरलं की मात्र अंगणात असा वास सुटायचा की वाटेने जाणारा माणूस क्षणभर थांबून आपले खिसे चाचपायचा, काहीतरी विसरल्यासारखा. आणि हे सगळं, पान, फूल, बी, खोड, चीक, सगळं, नखशिखान्त विषारी. हे आम्हाला सुरुवातीला माहीत नव्हतं. ती घरी शिवणकाम करायची; एका गिऱ्हाइकाने तिला ब्लाउज फार छान बसला म्हणून खूश होऊन बागेतली एक बोडकी काठी दिली. मी म्हणालो, ही रुजली तर माझं नाव बदल. ती रुजली. नाव बदलायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण घरात मला नावाने कुणी हाकच मारत नाही. वर्षाने ते गिऱ्हाईक पुन्हा आलं आणि बाही सैल करायला देता देता म्हणालं, "अहो, एक सांगायचं राहिलंच. त्याला हात लावलात तर धूत जा हं. ते विषारी आहे." तोवर आमची मुलगी त्याच्याखाली बसून, तिच्या आईने शिवलेल्या कापडी अस्वलाला गळून पडलेल्या फुलातून खोटाखोटा चहा पाजायला लागली होती. त्या दिवशी बायकोने मुलीचे हात इतके धुतले की साबणाची नवी वडी संपली. अस्वलही धुतलं. मीही, तिथे नुसता उभा होतो म्हणून, धुतला गेलो. तेव्हापासून अंगणातून घरात येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पाहुणा असो की मीटर वाचायला आलेला माणूस, दारातच विचारलं जाई, "हात धुतलेत?"

तरी झाड काढलं नाही. का काढलं नाही, याचं कारण म्हणजेच आमचा संसार. एकदा आम्ही मागच्या पायरीवर बसून भांडत होतो. विषय गेला विस्मरणात. पण माझी बाजू बरोबर होती एवढं आठवतं. मी अगदी शेवटचा, निर्णायक मुद्दा काढणार इतक्यात ऊन उतरलं आणि वास सुटला. ती हात वर करून म्हणाली, "थांबा. आधी वास घेऊ, मग पुढचं बोला." मी थांबलो. आम्ही दोघं नाक वर करून गप्प बसलो. वास आधी येतो तो लाजत येतो, एखाद्या लांबच्या खोलीत कुणी पेटी उघडल्यासारखा. मग तो जवळ येऊन बसतो. मग तो आपल्यालाच हळूच सरकायला सांगतो. अंधारताना ती उठली आणि म्हणाली, "हं, काय म्हणत होतात?" माझा निर्णायक मुद्दा साफ गेला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात कायदा झाला: वासाच्या वेळेला भांडण स्थगित. आणि स्थगित झालेलं भांडण पुन्हा सुरू झाल्याचं मला एकही उदाहरण सापडत नाही. मुलीची परीक्षा, माझ्या आईचं आजारपण, भिंतींचा रंग, तिचा भाऊ, माझा भाऊ, सगळे खटले त्या झाडाखाली असे बारगळले. रात्री खिडक्या मात्र लावून घ्यायचो, कारण बंद खोलीत तो वास साठला की सकाळी डोकं धरायचं. त्याला पायरीवर भेटायचं, खोलीत बोलवायचं नाही. असा पाहुणा सांभाळणं ही काही सोपी गोष्ट नाही, पण आम्ही सांभाळला.

मग मुलीचा फोन आला. तिची बदली आमच्या गावी झाली होती. पुढच्या आठवड्यापासून ती आणि तिची छोटी आमच्याकडेच राहणार. मी आनंदाने इतका मोठा ओरडलो की फोन तिने कानापासून लांब धरला असावा. "बाबा, ऐका आधी," ती म्हणाली. "छोटी सध्या हाताला लागेल ते तोंडात घालते. चप्पल, रिमोट, काल तर माझं ओळखपत्र. ते झाड काढल्याशिवाय मी तिला घेऊन पाऊल टाकणार नाही." मी म्हणालो, "तू त्याच झाडाखाली मोठी झालीस." ती म्हणाली, "हो, आणि अजून मला स्वप्नात साबण दिसतो." तिचं बरोबर होतं. हीच तर पंचाईत होती. मुलगी चुकीची असती तर मी तिच्याशी मन लावून भांडलो असतो. बायकोने फोन घेतला, "मुळापासून काढू. तू ये," एवढंच म्हणाली आणि शिवणाकडे वळली. काल माणूस आला. हातात कोपरापर्यंत मोजे, डोळ्यांवर झापडं, अंगात प्लॅस्टिकचा पायघोळ झगा. झाड कापायला आलाय की चंद्रावर उतरायला, कळेना. त्याने आम्हा दोघांना बजावलं, "तुम्ही कुणी काही हात लावायचा नाही." दुपारी अंगणात फांद्यांचा ढीग आणि जमिनीत एक खड्डा एवढंच उरलं. तो गाडी आणायला गेला. बायको आत गेली. तिला शिवण होतं. आणि मी, ज्याने दुकानदारांना पारड्याखाली लोहचुंबक चिकटवताना पकडलं आहे, त्या मी इकडेतिकडे बघून ढिगातली अंगठ्याएवढी जाड एक फांदी मोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली, आणि कपाटातल्या माझ्या जुन्या वजनांच्या पेटीत, पितळेच्या वजनांशेजारी, मखमलीवर झोपवून ठेवली. तेव्हा डोळ्यात काहीतरी गेलं. घाम असणार. तो मी पुसला. पुढे गाडी ढीग घेऊन गेली, आणि रिकाम्या खड्ड्याकडे बघत मी बायकोला नको ते बोललो. म्हणालो, "तुला काय, तुझं एका शब्दात मोकळं झालं." ऊन उतरलं. वास आला नाही. स्थगिती मिळाली नाही. आणि आमच्या लग्नाच्या आयुष्यात पहिल्यांदा एक भांडण तसंच्या तसं, उघडं, रात्रभर घरात राहिलं.

म्हणजे आता परिस्थिती अशी होती: मेंदू शाबूत होता, पण बाहुली चुगली करत होती. ती बघितली की बायकोला कळणार, फांदी घरात आहे. बायकोला कळलं की मुलीला कळणार. मुलीला कळलं की छोटी येणार नाही. आणि हे सगळं न कळावं म्हणून मी गप्प बसलो, तर कालचं वाक्यही आमच्यामध्ये तसंच बसून राहणार. मी डावा डोळा मिटून स्वयंपाकघरात गेलो. ती पाठमोरी चहा गाळत होती. वळली तेव्हा तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता.

"डोळे आलेत," ती म्हणाली. "जवळ येऊ नका."

"माझ्या डोळ्यात साबण गेलाय," मी म्हणालो.

"मग धुवा."

"धुतला."

एवढं झाल्यावर आम्ही आपापले पेले घेऊन टेबलाच्या दोन टोकांना बसलो, मी एका डोळ्याने, ती काळ्या काचांमागून, एकमेकांच्या पेल्यांकडे बघत. शेवटी तीच म्हणाली, "गोट्याकडे जाऊन या. साबण एवढा वेळ राहत नाही. आणि माझ्यासाठी थेंब आणा."

गोट्या म्हणजे आमच्या गल्लीत लहानाचा मोठा झालेला डोळ्यांचा डॉक्टर. मी बाहेर पडलो आणि उन्हाने डाव्या डोळ्यात भाला घातल्यासारखं झालं. भिंती पांढऱ्याशुभ्र पेटल्या होत्या, माणसांना कडा नव्हत्या, समोरून येणारी सायकल आधी चकाकत आली आणि मग सायकल झाली. मी उजवा डोळा मिटून बघितला, मग डावा, मग पुन्हा उजवा. उजव्या डोळ्याचं जग कागदोपत्री होतं, दुकानांच्या पाट्या, दगड, खड्डे, सगळं जागच्या जागी. डाव्याचं मात्र विरघळलेलं, सगळ्या वस्तू आपापल्या हद्दी ओलांडून शेजाऱ्याच्या अंगणात गेलेल्या. आणि त्या विरघळलेल्या रस्त्यावर मला एकदम ते शिवणाचं दुकान दिसलं, जिथे मी नवा कोरा निरीक्षक म्हणून, छातीशी वजनांची पेटी धरून शिरलो होतो. कोपऱ्यातल्या मशीनवर एक मुलगी बसली होती. मी तिची टेप मागितली आणि माझ्या प्रमाणित पट्टीशेजारी ताणून धरली. वर्षानुवर्षं वापरून टेप लांबली होती. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "ही टेप खोटं बोलते." ती म्हणाली, "सगळ्यांशी सारखंच बोलते ना? अंगही हिनेच मोजते, कापडही हिनेच. कपडा बसतो." मी म्हणालो, कायद्याला बसण्याशी कर्तव्य नाही. ती म्हणाली, "साहेब, या टेपने बायकांची कंबर दोन बोटं कमी भरते. त्या हसत घरी जातात. तुमच्या पट्टीने कोण हसलंय आजवर?" मी हसलो. पट्टी हातात असताना मी पहिल्यांदाच हसत होतो. टेप जप्त केली, आणि दुसऱ्या दिवशी नवी घेऊन मी स्वतः गेलो. मग तिसऱ्या दिवशी ती नवी नीट चालते का बघायला. असं करत करत लग्न झालं. नवी टेपही तिने यथावकाश ओढून ओढून लांबवली. माझी कंबर ती त्याच टेपने मोजते, त्यामुळे मी अजून सडपातळ आहे. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हसत होतो, एक डोळा मिटून, आणि समोरून येणाऱ्या एका बाईंनी पदर सावरून फुटपाथ बदलला.

गोट्याने माझ्या डोळ्यात प्रकाश मारला. उजवी बाहुली आवळली, डावी ढिम्म. "काका, कुठलं झाडबिड हाताळलंत का?"

"नाही," मी म्हणालो. पारडं खाली गेल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

त्याने डाव्या डोळ्यात एक थेंब घातला आणि मला बाहेर बसवलं. पुन्हा आत बोलावून प्रकाश मारला आणि खुर्चीत मागे रेलला. "ह्या थेंबाने आवळायला हवी होती. नाही आवळली. म्हणजे बिघाड आतला नाही, बाहेरून काहीतरी लागलंय. आम्हीही डोळे तपासायला जे घालतो ना बाहुली मोठी करायला, त्याच घराण्यातलं काहीतरी." तो हसू दाबत होता, लहानपणी काच फोडून दारात उभा राहायचा तेव्हा तो असाच दिसायचा. "चारदोन दिवसांत आपोआप उतरेल. उन्हात जाऊ नका. आणि पुन्हा लागलं, तोंड सुकलं, डोकं गरगरलं, तर मला ताबडतोब फोन, खोटं न बोलता. काकूंना मी सांगू की तुम्ही सांगता?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी कशाला पडतोय," तो म्हणाला, आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ हसला. "मला सगळेच सांगतात, मध्ये पडू नकोस."

मी येताना तिच्यासाठी थेंब मागितले, तर म्हणाला, "काकूंना थेंब नकोत. त्यांनाही आपोआप उतरेल." मी तेव्हा माझ्याच पापात इतका बुडालो होतो की, ज्याला तपासलं नाही त्याचं निदान कसं केलंस, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुपार मी कपाटासमोर काढली. पेटी उघडली नाही. आत ती काय करत असेल? मखमलीवर वजनांशेजारी, एका विषाला शोभेल अशा थाटात? छोटीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. उजव्या डोळ्यासमोर, हे विशेष, अगदी स्पष्ट, खालचे दोन दात आणि त्यातून गळणारी लाळ. कपाटाचा खालचा खण तिच्या हाताच्या उंचीवर होता. मी पेटी उचलून वरच्या फळीवर ठेवली, मग त्याहून वरच्या, मग स्टूल घेऊन माळ्यावर, आणि स्टुलावर उभा असताना मला कळून चुकलं की ह्या घरात अशी उंची नाही जिथे हे लपवता येईल आणि मला झोपही लागेल. मी ती खाली घेतली. शिवणाच्या खोलीतून मशीनचा आवाज येत नव्हता. इतर दिवशी तो दुपारभर चालू असायचा.

ऊन उतरलं तशी ती पायरीवर येऊन बसली, काळ्या चष्म्यासकट, मांडीवर शिवायला घेतलेला फ्रॉक. सवयीने आली असेल. मीही सवयीने जाऊन बसलो, बगलेत पेटी. समोर खड्डा. हवेत ओल्या मातीचा वास होता, पण तो कुणाला थांबवणारा नव्हता. आम्ही नाक वर केलं. मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की आपण नाक वर केलंय, आणि दोघांनी खाली घेतलं. डाव्या डोळ्याने मी हळूच तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यात सुरकुत्या मावतच नव्हत्या. तिच्या गालाची कड उजेडात वितळली होती आणि ती त्या शिवणाच्या दुकानातल्या मुलीसारखी, आता टेप ओढून घेईल अशी बसली होती. तो डोळा ओला झाला. ह्या वेळी घाम म्हणण्यात अर्थ नव्हता.

"काल मी बोललो ते," मी म्हणालो, "ते मागे घेतो. वास नसला तरी घेतो."

तिने मांडीवरच्या फ्रॉकची सुरकुती बोटाने सपाट केली.

"आणि आणखी एक. डोळ्यात साबण नव्हता." मी पेटी तिच्यासमोर ठेवून उघडली. "नेऊन टाकतो आत्ताच. त्या गाडीवाल्याला फोन करतो. पण तू पोरीला सांगू नकोस. छोटी आली पाहिजे."

तिने वाकून बघितलं. फडकं खडखडीत वाळलं होतं, आणि फांदी वजनांशेजारी मान टाकून पडली होती.

"पाणी?" ती म्हणाली.

"काय?"

"पाणी कोण घालणार होतं? पेटीत ठेवतात का फांदी? हिच्याआधी तुमच्या पितळेला मूळ फुटलं असतं." आणि तिने काळा चष्मा काढला.

डोळे आलेले नव्हते. डावा नेहमीचा होता. उजव्याची बाहुली शर्टाच्या बटणाएवढी होती. आम्ही समोरासमोर होतो, त्यामुळे माझा डावा आणि तिचा उजवा बरोबर एकमेकांसमोर आले. इतकी काटेकोर बरोबरी मी नोकरीत कधी पाहिली नाही.

"गच्चीवर," ती म्हणाली. "टाकीमागे, डब्यात लावलीय. दाराला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. पोरीला काल रात्रीच विचारलं. म्हणाली, छोटी मोठी होईपर्यंत वरचं दार उघडायचं नाही, आणि बाबांना किल्ली द्यायची नाही."

"मला का नाही?"

"म्हणाली, ते डोळे चोळतात."

"आणि तू?"

"मी सकाळीच गोट्याला फोन केला. म्हटलं, तू मध्ये पडू नकोस."

मी खड्ड्याकडे बघत विचारलं, "कापलीस कशाने?"

ती दुसरीकडे बघत म्हणाली, "माझ्या कात्रीने."

त्या कात्रीने आमच्या घरात कुणी कागदसुद्धा कापलेला नाही. मुलीने एकदा पतंगाची शेपटी कापली होती, तर घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. कापडाशिवाय काही लागलं की धार जाते. ती कात्री घेऊन ही बाई त्या ढिगाजवळ गेली, मी इकडेतिकडे बघून गेलो त्याच्या आधी किंवा नंतर, आणि तिच्याही डोळ्यात काहीतरी गेलं.

"घाम?" मी विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. "सरळ पाणी."

मला त्या क्षणी फार मोठं काहीतरी म्हणायचं होतं. सकाळचं वाक्य आठवायचा प्रयत्न केला. जुळी भावंडं होती, नखं होती, कडेवर कोण होतं ते आठवेना. पण ते आठवलं असतं तरी थिटं पडलं असतं. मी तिचा हात धरायला हात पुढे केला. तिनेही माझ्याकडे हात केला, पण त्यात सुई होती, आणि दोरा.

"ही ओवून द्या," ती म्हणाली. "सकाळपासून बोटातच जातेय. छोटीच्या फ्रॉकची किनार राहिलीय."

आजवर तिने कुणाच्या हातात आपली सुई दिली नव्हती. मी डावा डोळा मिटला, उजवा रोखला, आणि अत्यंत आदराने बोटं पुढे नेली.

तिने सुई मागे घेतली.

"आधी हात धुऊन या. साबणाने."